वंशावळीची मूळ प्रत कोणती?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून सांगलीत राहते. सासरच्या (तासगावच्या) आणि माहेरच्या (कऱ्हाडच्या) घराण्यांची वंशावळ गेली काही वर्षे ‘ग्रॅम्प्स’ या संगणक-प्रणालीत नोंदवत आहे. अकराशेच्या आसपास माणसे झाली आहेत. घरी डेस्कटॉप आहे आणि प्रवासात लॅपटॉप नेते. बेंगळुरूची पुतणी तिच्या मॅकवर मदत करते. आता ‘वंशावळ अंतिम’, ‘वंशावळ अंतिम नवी’, ‘अंतिम दुरुस्त २’ अशा नावांच्या फाइली तिन्ही यंत्रांवर आणि दोन पेनड्राइव्हवर पसरल्या आहेत. त्यांपैकी खरी कोणती, हे मलाच कळेनासे झाले आहे. लॅपटॉपवर माणसांची माहिती दिसते, पण छायाचित्रे आणि दाखले उघडत नाहीत. सगळे ऑनलाइन साठवणीत टाकले तर प्रश्न सुटेल का? माहेर आणि सासर यांच्या फाइली वेगळ्या ठेवाव्यात का? जर्मनीतला पुतण्या दुसरी प्रणाली वापरतो, त्याला प्रत कशी द्यावी?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातले प्रश्न निरनिराळे दिसत असले, तरी त्यांचे मूळ एकाच ठिकाणी आहे. वंशावळीच्या कामात संगणकावर तीन प्रकारच्या गोष्टी तयार होतात. पहिली गोष्ट म्हणजे प्रणालीचा चालू विदासंच (डेटाबेस), ज्यात आपण रोज नोंदी करता. दुसरी गोष्ट म्हणजे दाखले, फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या महसुली नोंदी) आणि छायाचित्रे यांच्या प्रतिमा. तिसरी गोष्ट म्हणजे त्या विदासंचातून वेळोवेळी बाहेर काढलेल्या प्रती. या तिन्हींना आपण ‘फाइल’ हा एकच शब्द वापरत आहात आणि तिन्हींची ने-आण एकाच पद्धतीने करत आहात, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आपण ज्यांना ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’ अशी नावे दिली आहेत, त्या फाइलींपैकी बहुतेक कोणतीच आपली चालू वंशावळ नसणार. ग्रॅम्प्सचा चालू विदासंच ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसतो. विंडोजवर तो वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ या, सहसा लपवलेल्या फोल्डरात असतो आणि त्याच्या फोल्डराचे नाव म्हणजे अक्षरे व आकडे यांची एक निरर्थक वाटणारी मालिका असते. त्यामुळे जे लोक नवा संगणक घेताना ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ तेवढे उतरवून घेतात आणि जुने यंत्र विकून टाकतात, त्यांची वंशावळ त्या यंत्राबरोबर जाते. आपल्या पेनड्राइव्हवर ‘डॉट ग्रॅम्प्स’ किंवा ‘डॉट जीईडी’ असा शेवट असलेल्या ज्या फाइली आहेत, त्या त्या-त्या दिवशी बाहेर काढलेल्या प्रती आहेत. त्या उपयोगी आहेत, पण त्यांच्यावर काम होत नाही. आपण ‘अंतिम नवी’ आयात करून तिच्यात पन्नास माणसे घातलीत, तरी ती पन्नास माणसे पेनड्राइव्हवरच्या ‘अंतिम नवी’त जात नाहीत. ती त्या यंत्राच्या लपलेल्या विदासंचात जातात.

म्हणून आधी काही दिवस नव्या नोंदी करणे थांबवावे आणि पुतणीलाही थांबवायला सांगावे. त्यानंतर तिन्ही यंत्रांवर ग्रॅम्प्स उघडून ‘फॅमिली ट्रीज’ या मेनूतल्या ‘मेक बॅकअप’ने प्रत्येक यंत्रावर जितक्या वंशावळी दिसतील तितक्या सगळ्यांच्या प्रती काढाव्यात. या वेळी छायाचित्रांसह प्रत घेण्याचा पर्याय नको. नुसती माहिती पुरे. प्रत्येक प्रतीच्या नावात यंत्राचे नाव आणि तारीख घालावी. ‘अंतिम’ हा शब्द मात्र कायमचा वर्ज्य करावा, कारण घराण्यात बाळ जन्माला यायचे थांबत नाही तोवर कोणतीही वंशावळ अंतिम नसते. पेनड्राइव्हवरच्या जुन्या फाइलीही याच ढिगात आणाव्यात. काहीही पुसू नये.

आता या ढिगातून मूळ प्रत ठरवायची आहे. इथे एक मोह होतो, तो टाळावा. सगळ्या फाइली एकामागून एक एकाच वंशावळीत आयात केल्या की सगळे आपोआप एकत्र होईल, असे वाटते. प्रत्यक्षात आपल्या आजेसासऱ्यांची तीन बिऱ्हाडे तयार होतील, विशेषतः त्यांतली एखादी प्रत जेडकॉम (‘डॉट जीईडी’) या, निरनिराळ्या प्रणालींमधल्या देवघेवीसाठी असलेल्या स्वरूपातली असेल तर. त्याऐवजी डेस्कटॉपवर प्रत्येक प्रतीसाठी एक नवी, कोरी वंशावळ उघडावी आणि तिच्यात ती एकच प्रत आयात करावी. मग व्यक्तींच्या यादीत ‘शेवटचा बदल’ दाखवणारा स्तंभ चालू करून त्यानुसार यादी लावावी. दोन फाइली कोणत्या दिवसापर्यंत एकसारख्या होत्या आणि त्यानंतर कोणत्या यंत्रावर काय घडले, हे या एका स्तंभावरून बरेचसे उलगडते. केवळ माणसांची संख्या जास्त आहे म्हणून ती फाइल नवी, असे समजू नये. दुबार नोंदी काढून टाकलेल्या चांगल्या फाइलीत माणसे कमी असतात.

ज्या फाइलीत फाटा फुटल्यानंतर सर्वाधिक काम झाले आहे, ती आधार म्हणून घ्यावी. बाकीच्या फाइलींत त्या दिवसानंतर जे बदल झाले, तेवढे तिच्यात हाताने उतरवून घ्यावेत. हे कंटाळवाणे आहे, हे मला मान्य आहे. पण अकराशे माणसांच्या वंशावळीत असे बदल सहसा काही डझनांच्या पुढे जात नाहीत, आणि ते डोळ्यांखालून गेल्यामुळे दोन ठिकाणी दोन वेगळ्या जन्मतारखा आहेत अशा गोष्टीही सापडतात. शेवटी ‘टूल्स’मधले संभाव्य दुबार व्यक्ती शोधणारे साधन एकदा चालवावे. त्याने सुचवलेली प्रत्येक जोडी मात्र स्वतः तपासावी. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्यामुळे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हे तिन्ही जुळणारी दोन निराळी माणसे एकाच घराण्यात, एक पिढी सोडून, सहज असतात. संगणकाला ती एकच वाटण्याचा पुरेपूर संभव असतो.

याच टप्प्यावर क्रमांकांविषयी सावध राहावे लागेल. ग्रॅम्प्स प्रत्येक व्यक्तीला ‘आय’ या अक्षरापुढे एक क्रमांक देते आणि नवी व्यक्ती आली की पुढचा मोकळा क्रमांक वापरते. डेस्कटॉपवर आणि पुतणीच्या मॅकवर एकाच मूळ प्रतीवरून स्वतंत्र काम झाले असेल, तर डेस्कटॉपवरची १०८५ क्रमांकाची व्यक्ती आणि मॅकवरची १०८५ क्रमांकाची व्यक्ती या दोन भलत्याच व्यक्ती असू शकतात. त्यामुळे त्या क्रमांकावर विसंबून दोन फाइलींची तुलना करू नये आणि दाखल्यांच्या फाइलींना नाव देतानाही तो क्रमांक वापरू नये. ‘टूल्स’मध्ये सगळे क्रमांक नव्याने लावून देणारेही एक साधन आहे. ते एकदा चालवले, तर कागदांवर लिहिलेल्या जुन्या क्रमांकांचा काहीच अर्थ उरत नाही.

मूळ प्रत सिद्ध झाली की ती कोणत्या यंत्रावर राहणार हे ठरवावे. माझ्या मते तो डेस्कटॉप असावा, कारण तो घरी असतो, हरवत नाही आणि त्याला मोठी हार्ड डिस्क जोडता येते. यापुढे नोंद फक्त तिथेच होईल. लॅपटॉपवर वंशावळ असेल, पण ती वाचण्यापुरती. दर महिन्याला डेस्कटॉपवरून नवी प्रत काढून ती लॅपटॉपवर एका कोऱ्या वंशावळीत आयात करावी आणि जुनी तिथून काढून टाकावी. माहिती एकाच दिशेने वाहिली पाहिजे. लग्नाकार्यात एखाद्या वृद्ध आत्याने नवी माहिती सांगितली, तर ती लॅपटॉपवरच्या वंशावळीत न घालता साध्या टिपणात लिहून आणावी आणि घरी आल्यावर नोंदवावी. इतके कडक का राहायचे, असे वाटेल. पण दोन ठिकाणी नोंदी करायच्या आणि नंतर मेळ घालायचा, हा शिरस्ता आपण इतकी वर्षे पाळलात आणि त्याचे फळ आपल्या पत्रातच आहे.

आता लॅपटॉपवर न दिसणाऱ्या छायाचित्रांविषयी. वंशावळीच्या बहुतेक प्रणाली छायाचित्र आपल्या पोटात घेत नाहीत. ते कुठे ठेवले आहे त्याचा पत्ता तेवढा लिहून ठेवतात. डेस्कटॉपवर तो पत्ता ‘सी ड्राइव्ह, युजर्स, अमुक नाव, पिक्चर्स’ असा असेल आणि लॅपटॉपवर वापरकर्त्याचे नाव वेगळे असेल, तर त्या पत्त्यावर काहीच सापडत नाही. मॅकवर तर ‘सी ड्राइव्ह’ ही गोष्टच नसते. अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. विंडोजच्या नव्या यंत्रांवर ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ हे फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या आत हलवलेले असतात. मालकाला वाटते की आपण काहीच हलवलेले नाही, पण पत्ता मात्र बदललेला असतो.

यावर उपाय सोपा आहे आणि तो एकदाच करावा लागतो. वंशावळीच्या सगळ्या प्रतिमांसाठी एकच मुख्य फोल्डर करावा. ग्रॅम्प्सच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये माध्यमांसाठी आधारभूत पत्ता देण्याची सोय आहे. तिथे त्या मुख्य फोल्डराचा पत्ता द्यावा. नंतर ‘टूल्स’मधल्या ‘मीडिया मॅनेजर’ने साऱ्या प्रतिमांचे पूर्ण पत्ते सापेक्ष पत्त्यांत बदलून घ्यावेत. हे करण्याआधी एक प्रत काढून ठेवावी. यापुढे प्रणाली ‘मुख्य फोल्डराच्या आत अमुक ठिकाणी’ एवढेच लक्षात ठेवील. प्रत्येक यंत्रावर तो मुख्य फोल्डर कुठे आहे एवढे त्या-त्या यंत्रावर सांगितले की पुरेल. नवी प्रत आयात केल्यावर हा आधारभूत पत्ता नीट आहे ना, ते दर वेळी पाहून घ्यावे. डेस्कटॉपवर प्रतिमांना चुकूनही दुसरीकडे हलवू नये आणि त्यांची नावे विंडोजमधून परस्पर बदलू नयेत. नावे बदलायची असतील तर आत्ताच, प्रतिमा वंशावळीला जोडण्याआधी बदलावीत. जोडलेल्या प्रतिमांचे पत्ते बदलण्याची सोय त्याच ‘मीडिया मॅनेजर’मध्ये आहे, पण ती मोठ्या बदलांसाठी ठीक. दोनशे फाइलींची नावे एकेक करून बदलली असतील, तर तिचा उपयोग होत नाही.

त्या मुख्य फोल्डराची आतली रचना कशी असावी, याबद्दल माझे मत बहुतेकांच्या सवयीविरुद्ध आहे. बहुतेक जण प्रत्येक शाखेचा एक फोल्डर करतात, त्यात प्रत्येक कुटुंबाचा आणि त्यात प्रत्येक माणसाचा. रचना दिसायला सुरेख असते, पण पहिल्याच फेरफाराला ती कोसळते. १९३२ सालच्या एका वारस-फेरफारात मयत खातेदार, त्याची विधवा, तीन मुलगे आणि एक दत्तक अशी सहा माणसे असतील, तर तो कागद कोणाच्या फोल्डरात ठेवायचा? सहा ठिकाणी ठेवला तर एकाच कागदाच्या सहा प्रती होतात. एका ठिकाणी ठेवला तर उरलेल्या पाचांच्या फोल्डरात तो सापडत नाही. कोणता कागद कोणाचा, हे सांगण्यासाठीच तर आपण प्रणाली घेतली आहे. तिच्यात एक प्रतिमा सहा माणसांना जोडता येते. म्हणून फोल्डराने फक्त ‘हा कागद कुठून आला’ एवढेच सांगावे आणि ‘हा कोणाविषयी आहे’ हे प्रणालीवर सोपवावे.

आपण शाळेत काम केले आहे, तेव्हा आवक-जावक आपल्याला नवी नाही. तीच पद्धत इथे वापरावी. मुख्य फोल्डरात ‘दस्तऐवज’ हा फोल्डर असावा आणि त्यात कागद जिथून आला त्यानुसार मोजके भाग असावेत: महसुली कागद, शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, तीर्थक्षेत्रांतल्या उपाध्यायांच्या वह्यांची छायाचित्रे, मोडी कागद, कौटुंबिक छायाचित्रे, मुलाखतींच्या ध्वनिफिती. याच्या शेजारी ‘आवक’ नावाचा एक फोल्डर ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, पुतणीने पाठवलेले, मोबाइलवरून उतरवलेले सारे आधी तिथे पडेल. नाव दिले आणि नोंद केली की तो कागद तिथून ‘दस्तऐवज’मध्ये जाईल आणि मगच प्रणालीत जोडला जाईल. आवक रिकामी असणे म्हणजे काम हातावेगळे असणे. कोणाला काय पाठवले त्यासाठी ‘जावक’ असावा. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर अशी सात-आठ पायऱ्यांची उतरंड टाळावी, कारण विंडोजमध्ये अनेक जुन्या प्रणालींना पूर्ण पत्ता २६० अक्षरांपेक्षा लांब झालेला चालत नाही आणि मग फाइल समोर दिसत असूनही उघडत नाही.

प्रत्येक कागदाला एक चालू दाखल क्रमांक द्यावा. फाइलीचे नाव दाखल क्रमांक, इसवी सन, कागदाचा प्रकार, गाव या क्रमाने, उदाहरणार्थ ‘०२१७-१९३२-फेरफार-तासगाव’ असे असावे. मूळ कागद आपल्याकडे असेल, तर तोच क्रमांक त्याच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहावा, म्हणजे पडद्यावरची प्रतिमा आणि कपाटातला कागद यांची जोडी कायम राहील. कागदावर शके १८५४ असेल, तर ती नोंद प्रणालीत जशीच्या तशी लिहावी. फाइलीच्या नावात मात्र इसवी सन घ्यावे, आणि जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतची तारीख असेल तर शकात ७८ ऐवजी ७९ मिळवायचे असतात, याचे भान ठेवावे.

ही नावे वर मी देवनागरीत छापली असली, तरी संगणकावर ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहावीत, असे मी सुचवीन. मराठीच्या अभिमान्यांना हे आवडणार नाही, पण कारण अगदी व्यावहारिक आहे. आपल्या माहेरच्या गावाचेच नाव घ्या. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये (संगणकावर सर्व लिप्यांसाठी ठरलेल्या संकेतपद्धतीत) दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असे दोन घटक म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण काही प्रणाली त्यांना दोन वेगळी नावे समजतात. विंडोज आणि मॅक यांच्यात फाइलींची देवघेव होते तेव्हा असे अपघात घडतात. जुन्या साधनांनी झिप केलेल्या फाइलींत तर देवनागरी नावांचे कधीकधी नुसते चौकोन होतात. प्रणालीच्या आतल्या नोंदी मात्र खुशाल देवनागरीतच कराव्यात. तिथे ही अडचण येत नाही. घराण्याचा जुना कुलवृत्तांत टंकलिखित स्वरूपात संगणकावर असेल आणि तो युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये असेल, तर त्यातला मजकूर थेट उचलून प्रणालीत चिकटवू नये. आधी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे तपासून मगच घ्यावा.

ऑनलाइन साठवणीविषयी आपण विचारले आहे. प्रतिमांचा फोल्डर तिथे जरूर ठेवावा. एकदा नाव देऊन ठेवलेली प्रतिमा पुन्हा बदलत नाही, त्यामुळे गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्स तिची प्रत सुखाने सर्व यंत्रांवर नेऊ शकतात. चालू विदासंच मात्र तिथे कदापि ठेवू नये. आपण एक जन्मतारीख लिहिता तेव्हा विदासंचाच्या आत अनेक ठिकाणी बदल होतो. तो अर्धा झालेला असतानाच साठवणसेवेने फाइल उचलली, किंवा तेवढ्यात पुतणीनेही तीच फाइल उघडली, तर परस्परविरोधी दोन प्रती तयार होतात किंवा विदासंच बिघडतो. काही सेवा अशा वेळी फाइलीच्या नावाला यंत्राचे नाव जोडून दुसरी प्रत बाजूला ठेवतात. आपल्या यादीत आपण स्वतः न ठेवलेले असे एखादे विचित्र नाव असेल, तर ते तिथूनच आलेले असणार.

गूगलच्या खात्यात विनामूल्य १५ जीबी जागा मिळते आणि ती ईमेल, छायाचित्रे आणि ड्राइव्ह या तिघांत वाटलेली असते. दोन हजार कागद प्रत्येकी पाच एमबीचे धरले, तरी दहा जीबी तिथेच संपतात. शिवाय दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. केवळ वंशावळीसाठी वेगळे खाते उघडून ते विसरून जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. वनड्राइव्ह वापरत असाल, तर तिथल्या फाइली प्रत्यक्ष यंत्रावर असतातच असे नाही. नुसते नाव दिसते आणि उघडताना ती इंटरनेटवरून उतरते. प्रवासात जिथे इंटरनेट मिळत नाही तिथे दाखले दाखवायचे असतील, तर लॅपटॉपवर त्या फोल्डरासाठी ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ हा पर्याय निवडावा. आणि नातेवाइकांना एवढे जरूर सांगावे की व्हॉट्सअ‍ॅपवर जुने छायाचित्र ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. ‘फोटो’ म्हणून पाठवले की ते आकुंचन पावते आणि मागच्या रांगेतल्या माणसांचे चेहरे ओळखता येत नाहीत.

राखीव प्रतींचा जुना नियम इथेही पुरेसा आहे. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. डेस्कटॉप, बाहेरची हार्ड डिस्क आणि ऑनलाइन साठवण किंवा पुतणीचा मॅक, एवढ्याने तो पूर्ण होतो. पेनड्राइव्ह ने-आण करण्यासाठी आहे. साठवणीसाठी त्यावर विसंबू नये. विदासंचाची छोटी प्रत प्रत्येक बैठकीच्या शेवटी आणि प्रतिमांसह मोठी प्रत तिमाहीला काढावी. मोठ्या प्रतीच्या नावाचा शेवट ‘डॉट जीपीकेजी’ असा होतो. सांगलीकरांना २००५ आणि २०१९ चे पूर आठवत असतीलच. तेव्हा हार्ड डिस्क तळमजल्यावरच्या टेबलाच्या खणात ठेवू नये, हे मी वेगळे सांगायला नको. लॅपटॉपवर दर महिन्याला नवी प्रत आयात करण्याचा जो परिपाठ मी वर सुचवला, त्याचा दुसरा लाभ असा की प्रत खरोखर उघडते की नाही याची परीक्षा आपोआप होते.

तिन्ही यंत्रांवर ग्रॅम्प्सची आवृत्ती एकच असावी. नवी आवृत्ती जुना विदासंच उघडताना तो नव्या रचनेत बदलून घेते आणि मग जुन्या आवृत्तीला तो उघडता येत नाही. पुतणीने मॅकवर आवृत्ती वाढवली आणि तिथून प्रत पाठवली, तर डेस्कटॉप ती नाकारू शकतो. आवृत्ती वाढवायची तर तिन्हीकडे एकाच आठवड्यात आणि आधी प्रत काढून वाढवावी.

पुतणीला काय काम द्यावे? ग्रॅम्प्स एका वेळी एकानेच वापरायची प्रणाली आहे, त्यामुळे दोघींनी एकाच विदासंचात लिहिणे शक्य नाही. पण वंशावळीच्या कामाचा मोठा भाग विदासंचाच्या बाहेर असतो. कागद स्कॅन करणे, त्यांना नावे देणे, मोडीचे लिप्यंतर टंकणे, मुलाखती लिहून काढणे ही सारी कामे ती करू शकते आणि सामायिक ‘आवक’ फोल्डरात ठेवू शकते. दाखल क्रमांक मात्र एकीनेच द्यावेत, किंवा तिला ५००१ पासूनचे क्रमांक नेमून द्यावेत, म्हणजे टक्कर होणार नाही. तिलाही प्रत्यक्ष नोंदी करायच्याच असतील, तर ‘ग्रॅम्प्स वेब’ हा मार्ग आहे. त्यात विदासंच एका सर्व्हरवर असतो आणि अनेक जण आपापल्या परवलीच्या शब्दाने ब्राउझरमधून काम करतात. त्यासाठी सर्व्हर चालवणारे किंवा भाड्याने घेणारे कोणीतरी घरात हवे. पुतणीला त्यात गती असेल तर विचार करावा. नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

माहेर आणि सासर वेगळे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन वंशावळी केल्या की आपण स्वतः, आपले यजमान आणि आपली मुले दोन्हीकडे नोंदवावी लागतात आणि एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे राहून जाते. शिवाय तासगाव आणि कऱ्हाड यांच्यासारख्या जवळच्या गावांत दोन घराण्यांचे आणखी एखादे जुने सोयरसंबंध निघण्याची शक्यता असते, आणि ते एकत्र विदासंचातच उजेडात येतात. माहेरच्या मंडळींना फक्त त्यांची शाखा हवी असेल, तर गाळणी (फिल्टर) लावून तेवढीच माणसे बाहेर काढता येतात. स्त्रियांच्या नावांसाठी प्रणालीत एका व्यक्तीला अनेक नावे देण्याची सोय आहे. माहेरचे नाव मुख्य ठेवून सासरचे नाव पर्यायी म्हणून नोंदवावे, म्हणजे लग्नात नावच बदललेल्या आजेसासूबाई सातबाऱ्यावर एका नावाने आणि शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या नावाने भेटल्या, तरी त्या एकच राहतील.

जर्मनीतल्या पुतण्याला ‘डॉट ग्रॅम्प्स’ फाइल देऊन उपयोग नाही. त्याची प्रणाली ती वाचणार नाही. त्याच्यासाठी जेडकॉम स्वरूपात प्रत काढावी. निरनिराळ्या प्रणालींमध्ये वंशावळीची देवघेव व्हावी म्हणून हे स्वरूप १९८४ पासून वापरात आहे. २०२१ मध्ये त्याची ७.० ही आवृत्ती आली, तरी व्यवहारात अजून ५.५.१ चाच प्रसार अधिक आहे. जेडकॉमची फाइल साध्या मजकुराची असते, त्यामुळे तिच्याबरोबर छायाचित्रे जात नाहीत. त्यांचे पत्ते तेवढे जातात. प्रतिमांचा फोल्डर त्याला वेगळा द्यावा लागेल. देवनागरी अक्षरे टिकण्यासाठी त्याने आयात करताना यूटीएफ-८ हीच संकेतपद्धती धरली आहे ना, ते पाहावे. नावांच्या जागी प्रश्नचिन्हे आली, तर दोष बहुधा तिथेच असतो. प्रत काढताना हयात व्यक्तींचा तपशील वगळण्याचा पर्याय निवडावा, कारण पुढे ती फाइल कोणत्या संकेतस्थळावर चढवली जाईल हे आपल्या हातात राहत नाही. त्याने सुचवलेल्या दुरुस्त्या त्याच्या जेडकॉम फाइलीच्या रूपात घेऊ नयेत. ती आयात करताच अकराशेची बावीसशे माणसे होतील. दुरुस्त्यांची साधी यादी, पुराव्याच्या कागदासह, ईमेलने मागवावी आणि ती आपल्या ‘आवक’ फोल्डरात ठेवावी.